ताटाची डावी बाजू

बसा कहकशां. अशा माझ्या उजव्या हाताला बसा, म्हणजे दिव्याचा उजेड तुमच्या तोंडावर पडेल. लाईट एकदा गेली की आपल्या गल्लीत लवकर येत नाही, आणि वर जाऊन तरी काय करणार? लुबना अभ्यासाला बसली असेल. ट्यूशन एरियातल्या पोरी अंधारातसुद्धा पुटपुटत पाठ करतात, मला जिन्यातून ऐकू येतं. लेकीला डब्याचं खावं लागू नये म्हणून तुम्ही देगलूरचं घर सोडून इथे खोली घेऊन राहिलात. लातुरात अशा आया आता गल्लोगल्ली आहेत. मी वरवर त्यांची चेष्टा करते, मनातून मला त्यांचा हेवा वाटतो.

परवा तुम्ही विचारलंत, "मॅडम, तुमचे मिस्टर कशानं गेले?" मी "लकव्यानं" एवढंच म्हणाले आणि आत निघून गेले. ते उत्तर खोटं नव्हतं. अर्धं होतं.

लाल रिबीन आणायला मी गोलाईच्या बाजारात गेले होते, तिथूनच सांगते.

गोलाईत मोहियोद्दीनभाईंचं बांगड्यांचं दुकान आहे. टिकल्या, पिना, शाळेच्या रिबिनी, सगळं मिळतं. मी त्यांना म्हटलं, लाल रिबीन द्या. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं.

"लेकरासाठी हाय काय, बाई?"

आता ते मला वर्षानुवर्षं ओळखतात. मला लेकरू नाही, हे त्यांना माहीत आहे. म्हातारपणात विसरले असतील. आणि मी तरी काय म्हणावं? रिबीन सरांच्या ताटाला चिकटवायला हवी होती, डॉक्टरांनी सांगितलं होतं म्हणून. पण ही एवढी रामकहाणी दुकानात कोण सांगत बसणार? मी म्हटलं, "हाव."

"मग एकीनं काय होतंय? वेण्या दोन, रिबिनी दोन. जोडी घेऊन जा."

त्यांनी जोडी कागदात गुंडाळून दिली. मी ती पर्समध्ये टाकली, कोथिंबीर घेतली आणि रिक्षा करून घरी आले. इतकी साधी गोष्ट. पण माझ्या तोंडून तो "हाव" किती सहज गेला, याचं मला घरी येईपर्यंत नवल वाटत होतं.

सर म्हणजे आमचे हे. रेणुकादास त्यांचं नाव, पण सगळं लातूर त्यांना सर म्हणायचं, मग मीही तेच म्हणायला लागले. जीवशास्त्र शिकवायचे. त्यांच्या क्लासची पोरं आज कुठे कुठे डॉक्टर आहेत. त्या दिवशी फळ्यावर हृदयाची आकृती काढायला घेतली, उजव्या बाजूचीच काढली, खडू ठेवला आणि विचारलं, "समजलं?" मुलांना वाटलं, उरलेली आपण पूर्ण करायची. सगळी माना खाली घालून वहीत काढत बसली. कुणीतरी वर पाहिलं तेव्हा सर टेबलाच्या कडेला घसरत चालले होते.

मेंदूच्या उजव्या बाजूला रक्त पोचलं नव्हतं. डावा हात गेला, डावा पाय गेला. हे तर कुणाचंही होतं. पण सरांच्या लेखी जगाची डावी बाजूच गेली. अर्धी दाढी करायचे आणि आरशात पाहून खूश व्हायचे. पेपरात अर्ध्याच ओळी वाचायचे आणि संपादकाला नावं ठेवायचे. मी डावीकडून बोलले तर उजवीकडे बघून उत्तर द्यायचे. आणि आपल्याला काही झालंय हे त्यांना कबूलच नव्हतं. "तुम्ही सगळे उगीच घाबरता," म्हणायचे, "मला क्लासला उशीर होतोय."

त्यांच्यावर उपचार करणारा मुकुल त्यांचाच विद्यार्थी. घरी यायचा, पाया पडायचा, मग तपासायचा. एकदा त्यानं खुर्ची पुढे ओढली आणि परीक्षेत विचारावं तसं विचारलं, "सर, मेंदूच्या उजव्या भागाला वरच्या बाजूला इजा झाली, तर रुग्णाला काय होतं?"

सरांचा चेहरा खुलला. "डाव्या बाजूची जाणीव जाते. दिसत असूनही लक्षात येत नाही. आपण आजारी आहोत हेच रुग्ण मानत नाही. कधी कधी तर स्वतःचा हात दुसऱ्याचा आहे असं सांगतो." एक शब्द चुकला नाही.

मुकुलनं त्यांचा डावा हात हलकेच उचलून त्यांच्यासमोर, उजव्या बाजूला आणला. "मग सर, हा हात कुणाचा?"

सरांनी त्या हाताकडे पाहिलं. ओठांवर बोट ठेवलं.

"हळू बोल रे... मनूचा आहे. आत्ताच डोळा लागलाय तिचा."

मुकुल माझ्याकडे बघायला लागला. मनू कोण ते त्याला माहीत नव्हतं. इथे कुणालाच माहीत नव्हतं. मी स्वयंपाकघरात गेले, नळ सोडला आणि भांड्यांच्या आवाजात तोंडावर पदर दाबून रडले.

मनू म्हणजे आमची मनस्विनी. पहिलीत होती. सर तेव्हा किल्लारीच्या शाळेत होते. दगडमातीच्या भिंती आणि वर मातीचं जड माळवद, असं भाड्याचं घर होतं. माझी आई आजारी म्हणून मी मुखेडला माहेरी गेले होते. मनूला बरोबर नेणार होते, पण गावात गणपती होते, तिला विसर्जनाची मिरवणूक बघायची होती. नाचून दमून आली आणि बाबांच्या डाव्या कुशीला झोपली. पहाटे जमीन हलली. ते तुम्हाला मी काय सांगू, तुमच्या देगलूरलाही भांडी पडली असतील.

सरांना दुपारनंतर बाहेर काढलं. तोवर मातीखाली ते मनूचा हात धरून होते. सुरुवातीला ती बोलत होती म्हणे. काय बोलत होती ते त्यांनी मला कधीच सांगितलं नाही आणि विचारायची माझी छाती झाली नाही. मी मुखेडहून पोचले तेव्हा गावाबाहेर रांगेनं चिता जळत होत्या. कुठली कुणाची, सांगता येत नव्हतं. मी माझ्या लेकीचं तोंड पाहिलं नाही. रडायला समोर काहीतरी लागतं हो. माझ्यासमोर नुसता धूर होता.

मग आम्ही लातूरला आलो. सर क्लासमध्ये बुडाले, मी शाळेत. मनूचं नाव आम्ही घरात घेत नव्हतो. मुकुलसमोर सरांनी ते घेतलं, तेव्हा घरात ते पहिल्यांदा उच्चारलं गेलं होतं.

मुकुलनं जाताना मला बजावलं. "काकू, त्यांच्या हो ला हो म्हणू नका. हात तुमचा आहे, हेच रोज सांगा. ताटाला, पेपरला डाव्या कडेला लाल पट्टी लावा, लाल दिसेपर्यंत मान वळवायला लावा. डावी बाजू परत आली नाही तर ते उठतील, पडतील आणि एक दिवस जिवावर बेतेल."

म्हणून ती रिबीन.

जोडीतली एक कापून मी ताटाच्या कडेला आणि पलंगाच्या डाव्या कठड्याला चिकटवली. दुसरी डब्यात ठेवली. पण लालचा काही उपयोग होईना. आपल्याकडे ताट कसं वाढतात, तुम्ही पाहिलंय. मीठ, लिंबू, चटणी, कोशिंबीर डावीकडे. भाजी, आमटी उजवीकडे. सर भाजी खायचे आणि चिडायचे. "घरात मीठ संपलंय का? आजारी माणसाला चटणीसुद्धा देऊ नये का?" चटणी समोर पडलेली. मी ताट फिरवून दाखवलं की आणखी चिडायचे. आपली थट्टा चाललीय असं वाटायचं त्यांना. चटणीवाचून या माणसाचा घास उतरत नसे. डोळ्यांसमोर त्यांची अन्नावरची वासना उडत चालली होती.

मग मला युक्ती सुचली. मी ताटच उलटं वाढायला लागले. मीठ, लिंबू, चटणी उजवीकडे. भाजी-आमटी डावीकडे. चटणी-भाकरी त्यांची ते खातील, भाजी मी मागाहून भरवीन, असा विचार. किती हुशार बाई मी!

पहिल्या दिवशी वाढून आत भात आणायला गेले. भर दुपार. वरच्या भाडेकरू पोरी क्लासला गेलेल्या, रस्त्यावर चिटपाखरू नाही. आत असताना मला बारीक आवाज आला, भिंतीतून माती भुरभुरते तसा. बाहेर आले तर ताट स्वच्छ. दोन्ही बाजू. आमटीची वाटी चाटून पुसून रिकामी.

मला इतका आनंद झाला! "अहो, भाजी दिसली तुम्हाला?"

"कुठली भाजी? आज भाजी केलीच नाहीस तू."

साखराबाई म्हणजे सरांचं अंग पुसायला, कपडे बदलायला यायची ती. मी तिला विचारलं, तूच भरवलीस का? ती म्हणाली, "मी न्हाई वो बाई. मी तर मागं धुणं धुवून राहिले होते."

हात धुवायला मी तांब्या घेऊन बसले. उजवा हात धुतला. सवयीनं डावाही उचलला. तो हात मांडीवर पडलेला असायचा, भिजल्या कपड्यासारखा. त्याच्या बोटांना आमटी लागली होती. लहान मूल खातं तशी, पार तळव्यापर्यंत. मी पाण्याखाली धरला आणि त्या बोटांनी माझं बोट पकडलं.

मुकुलला फोन केला. तो म्हणाला, "काकू, ती प्रतिक्षिप्त क्रिया असते. तळव्याला काही लागलं की मूठ मिटते. त्यात त्यांची इच्छा नसते." असेल. पण मी आई आहे कहकशां. झोपेत लेकरू आईचं बोट कसं धरतं, ते मला कुणी शिकवायला नको.

त्यानंतर रोज तेच. मी उलटं ताट वाढायची, पाणी आणायला वळायची, डावी बाजू रिकामी व्हायची. पलंगाच्या डाव्या अंगाला चादरीवर रोज मातीची भुकटी सापडायची. पिवळट, बारीक. सिमेंटचं घर आमचं, माती यायची कुठून? आणि वास यायचा. जुनं माळवद पावसाळ्यात गळायला लागलं की येतो तसा, ओल्या चिखलाचा, धुराचा. मला तो किल्लारी सोडल्यापासून आला नव्हता.

सरांचे धाकटे भाऊ अमृतराव त्या सुमारास भेटायला आले. मी सरांचं ताट आणून ठेवलं. भावजी बोलता बोलता थांबले. ताटाकडे बघत राहिले.

"वहिनी... हे पान कुणासाठी वाढलंत?"

"कुणासाठी म्हणजे? तुमच्या भावासाठी."

"वहिनी, असं पान आपल्या घरात कधी वाढतात?"

माझ्या हातातला तांब्या खाली आपटला. आमच्या घरात पितरांचं ताट उलटं वाढतात. भाजी डावीकडे, मीठ-चटणी उजवीकडे. दर पितृपंधरवड्यात मी सासू-सासऱ्यांना तसंच वाढत आले होते. आणि सरांच्या चटणीच्या नादात मला ते सुचलंच नाही! जिवंत माणसाच्या पुढ्यात मी रोज मेलेल्यांचं पान ठेवत होते.

भावजींना वाटलं, भावाच्या आयुष्याला अपशकुन झाला. म्हणून ते कासावीस झाले. मला मात्र दुसरंच आठवलं. मनूचं पान आम्ही कधी वाढलंच नव्हतं. भटजी म्हणाले होते, इतक्या लहान लेकराचं श्राद्ध नसतं. ती गेली त्यानंतर दोनच दिवसांत पितृपंधरवडा लागला होता, घरोघर पानं वाढली जात होती, आणि माझी लेक तेव्हापासून उपाशी होती. इतक्या वर्षांनी कुणीतरी तिला ताट वाढलं. ती आली. तुम्ही काय केलं असतंत?

भावजी गेले आणि दुसऱ्या दिवशी मी सुशीला केली. मुरमुरे भिजवून, शेंगदाणे घालून, वर भरपूर कोथिंबीर. मनूचा जीव की प्राण. ताटात डावीकडे वाढली. सरांसाठी उजवीकडे चटणी, लिंबू, भाकरी. या वेळी मी पाठ फिरवणार नव्हते. पलंगाच्या डाव्या बाजूला, मनूच्या जागेवर जाऊन बसले. डोळ्यांची पापणी हलू दिली नाही.

सर खायचे थांबले.

"प्रेमला कुठे गेली?"

"इथेच आहे की. तुमच्या शेजारी."

त्यांनी उजवीकडे दाराकडे पाहिलं, खिडकीकडे पाहिलं. मग मान खाली घालून मांडीवरच्या हाताला विचारलं, "आई कुठे गेली गं?"

आणि ऐकत राहिले. मला काही ऐकू येत नव्हतं. नुसती माती भुरभुरत होती कुठेतरी. सरांनी समजल्यासारखी मान हलवली.

"मनू म्हणते... आई इथे कधी नसतेच."

मी तिथेच होते हो! हातभर अंतरावर होते. सुशीला तशीच होती, एक मुरमुरासुद्धा हलला नव्हता. मी बघत असेपर्यंत हलणारही नव्हता. शेवटी मी उठून आत गेले, भिंतीला डोकं टेकवून उभी राहिले. बाहेर आले तेव्हा ताट रिकामं होतं. आणि सरांच्या डाव्या मनगटाला डब्यातली ती दुसरी रिबीन बांधलेली होती. शाळेत जाणाऱ्या पोरीच्या वेणीला बांधतात तसं फूल काढून. एका हातानं तसं फूल बांधता येत नाही. साखराबाई त्या दिवशी आलीच नव्हती.

मी घाबरायला हवं होतं. मी मत्सरानं जळत होते. माझ्या नवऱ्याचा मेंदू अर्धा मेला, त्याचा डावीकडचा पडदा फाटला आणि त्या फटीतून त्याला त्याची लेक परत मिळाली. माझा मेंदू धडधाकट, म्हणून मला काहीच नाही.

पण सर खंगत चालले होते. दिवसभर डावीकडे कलायचे. खुर्चीतून, पलंगावरून, सारखे डाव्या अंगावर पडायचे. कपाळाला खोक पडली, खांदा काळानिळा झाला. मुकुल माझ्यावर चिडला. "काकू, तुम्ही त्यांना सांगताय ना, हात त्यांचा आहे म्हणून?" मी खाली मान घातली. एका संध्याकाळी, अशीच लाईट गेलेली, ते धडपडत उठायला लागले. मी त्यांना कवेत धरलं. माझ्या हातांत त्यांचं वजन लागत नव्हतं, कुणीतरी पलीकडून ओढत होतं.

"कुठे निघालात?"

"मनू ओढतेय... खाली लई अंधार आहे म्हणते. एकटीला भीती वाटते तिला. बाबा, हात सोडू नका म्हणते..."

मातीखाली ती काय बोलत होती, ते मला त्या संध्याकाळी कळलं.

मी त्यांना कसंबसं निजवलं. डाव्या बाजूला गुडघे टेकले आणि तो रिबीन बांधलेला हात दोन्ही हातांत घेतला. गार होता. नखांत माती होती. नवऱ्याचा हात समजून मी तो धरूच शकले नाही. तो इवलासा लागत होता.

मी म्हटलं, "मनू, बाळा, बाबांना सोड. ते म्हातारे झालेत, त्यांना सोसत नाही आता... तुला कुणी पाहिजेच असेल तर मी येते. मी त्या दिवशी नव्हते ना? आता मी येते. बाबांना सोड."

बोटांनी माझा हात घट्ट आवळला. हाड मोडेल असं वाटलं. मग हळूहळू, एकेक करून, ती सैल झाली.

सकाळी सर जागे झाले. डावीकडे मान वळवली. माझ्याकडे बघितलं, सरळ माझ्याकडे. इतक्या दिवसांनी! मग आपला हात उजव्या हातानं उचलला आणि बघत राहिले.

"हा माझाच हात आहे की गं."

मनगटावर रिबीन नव्हती. मी सगळं घर पालथं घातलं. नाहीच मिळाली.

मुकुल लहान मुलासारखा आनंदला. असं एकदम परत येणं क्वचित होतं म्हणाला. सगळे पेढे मागायला लागले. मी ताट सरळ वाढलं. डावीकडे चटणी, उजवीकडे भाजी. सरांनी चटणी पाहिली आणि बोट लावलं नाही.

"मग तिचा हात कुठे गेला?" एवढंच विचारायचे. उशीखाली बघायचे, पांघरूण झटकायचे. मनू गेली तेव्हा हा माणूस रडला नव्हता. आता दिवस दिवस रडायचा. त्यांना जग परत मिळालं आणि त्या जगात मनू मेलेली होती. आपला हात त्यांनी ओळखला आणि मग त्या हाताशी त्यांना काही करायचंच उरलं नाही. जेवण सोडलं. मी पाया पडले, भांडले, दातखीळ उघडून पेज ओतली. पावसाळा संपायच्या आत गेले. शेवटी माझ्याकडे बघून म्हणाले, "तू तिला का सोडवलंस?"

मी एकाला वाचवायला गेले आणि दोघंही गेली. हेच मी "लकव्यानं" या एका शब्दात गुंडाळून तुम्हाला सांगितलं होतं.

आता तुम्ही माझी काळजी करताय, ते मला कळतं. तुमची लुबना परवा म्हणाली, "मॅडम, रांगोळी अर्धीच का काढता?" वरच्या पोरी हसतात, मी केस एकाच बाजूचे विंचरते म्हणून. पोरींना चेष्टेला कुणीतरी लागतं, मी रागावत नाही. मुकुलही फोन करून सारखा म्हणतो, काकू, एकदा तपासून घ्या, पाय ओढताय म्हणे. कुणी त्याच्या कानात भरलं कोण जाणे. मला काहीसुद्धा झालेलं नाही. माझं मी रांधते, माझं मी खाते. ताटात कधी कण उरत नाही. घासताना बघते ना, दोन्हीकडून स्वच्छ असतं.

तुम्ही मघापासून माझ्या हाताकडे बघताय.

परवाही विचारत होतात, मनगटाला लाल रिबीन कशाला बांधलीय म्हणून. थांबा, दिवा जरा जवळ घेते. हा बघा हात. कुठे आहे रिबीन?

दुसरा?

दुसरा कुठला हो... अशा ओरडता काय! खाली बसा, दिवा पडेल...

हळू बोला कहकशां. आत्ताच डोळा लागलाय तिचा.